फिश टँकचं झाकण घरी बनवायचंय – काच, ॲक्रिलिक की जाळी?

सोनसळी
नमस्कार मंडळी, घरच्या टाकीला झाकण करायचंय, सल्ला हवाय. टाकी ३ फूट बाय दीड बाय दीड, वरून पूर्ण उघडी, मध्ये काठाच्या जरा खाली एक आडवी काचेची पट्टी आहे तेवढीच. बाजारातली तयार झाकणं एकतर काळ्या प्लॅस्टिकच्या हुडसकट (दिवा बसवलेलं टोपण) येतात नाहीतर आपल्या मापात बसत नाहीत. राहायला पुण्यात, कोथरूडला, टाकीची खोली पश्चिमेकडची, त्यामुळे मार्च संपला की खोली तापायला लागते.

आत डेनिसन बार्ब आणायचेत. हा मासा उड्या जाम मारतो आणि त्याला पाणीही गारच लागतं. म्हणजे झाकण घट्ट हवं आणि तरी आत उष्णता कोंडायला नको, असा सगळा पेच आहे. घरी ड्रिल, हॅक्सॉ, गुण्या आहे, हाताने करायची आवड आहे. काच घेऊ, ॲक्रिलिक घेऊ की सरळ जाळी लावू? आणि मागे फिल्टरचे दोन पाईप आणि हीटरची वायर येते तिथे तुम्ही लोक काय करता?

पाणकोंबडी
काच. दुसरा विचारच करू नका. ४ मिमीची साधी काच, दोन तुकड्यांत. विषय संपला :)

कट्ट्यावरचा_मासा
इतक्यात कसा संपेल, आत्ता तर सुरू झालाय!

सोनसळी, डेनिसन म्हणजे केरळातल्या आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा मासा, आपल्याच सह्याद्रीचा. २०१३ साली त्याला नवीन प्रजाती-गट दिला त्याचं नावसुद्धा 'सह्याद्रिया' ठेवलंय. चलियार, वळपट्टणम अशा खळाळत्या नद्यांत राहतो, त्यामुळे वाहतं, गार, भरपूर ऑक्सिजनचं पाणी ही त्याची सवय. निसर्गातला धोक्यात आलेला मासा आहे, तेव्हा टाकीत पैदास केलेलेच घ्या, नदीतून पकडून आणलेले नकोत, दुकानदाराला हे विचाराच. आणि कळपात ठेवा, एकटादुकटा बिचकतो आणि बिचकला की उडतो.

मांजरप्रेमी
आमच्याकडे झाकण माशांसाठी कमी आणि बोक्यासाठी जास्त आहे. त्याला काच उबदार लागते, दिवा लागला की वर जाऊन पसरतो. सव्वापाच किलोचा बोका आहे, तर ४ मिमी पुरेल का हो?

पाणकोंबडी
@मांजरप्रेमी, बोका बसणार असेल तर ६ मिमी घ्या आणि मध्ये आधार द्या. बोका उडी मारून बसतो, अलगद टेकत नाही, तो झटका काचेला सोसायला हवा. आणि कडा घासून घ्या, नाहीतर पंजा कापेल.

चिंगळी
मी ३ मिमी ॲक्रिलिकचं केलं होतं दोन फुटी टाकीला. कापायला सोपं, हलकं, दिसायलाही छान. महिन्याभरात चारी कडा वर उचलल्या गेल्या आणि मधला भाग खाली झुकला. आता तर कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट आहे. असं का होतं कोणी सांगेल का? उन्हाने म्हणावं तर टाकी सावलीत आहे.

सूतगुण्या
@चिंगळी, उन्हाचा संबंध नाही. ॲक्रिलिक पाणी शोषतं, थोडंच पण शोषतं. खालची बाजू कायम दमट, वरची कोरडी, म्हणून खालची बाजू फुगते आणि पत्रा खाली पोट काढतो, कडा वर जातात. आत्ता उलटं करून ठेवा, काही दिवसांत सरळ होऊन मग दुसरीकडे वाकायला लागेल, तेव्हा परत उलटं करायचं. बरेच लोक असंच चालवतात. नाहीतर जाडी वाढवा, ३ फुटाला ६ मिमीच्या खाली ॲक्रिलिक मी देत नाही. त्यापेक्षा पोकळ पॉलिकार्बोनेट बघा, ते शेडवर टाकतात ना, आत उभ्या भिंती असलेलं, ते. वाकत नाही, कटरने कापलं जातं, वजन तर नाहीच. टोकाच्या नळ्या मात्र पारदर्शक टेपने नाहीतर सिलिकॉनने बंद करा, नाहीतर आत पाणी शिरून हिरवं शेवाळ धरतं आणि ते काढता येत नाही.

वजनाचा अंदाज देतो. ३ बाय दीड फुटाला ४ मिमी काच साधारण ४.२ किलो, ३ मिमी ॲक्रिलिक दीड किलो, ६ मिमी पोकळ पॉलिकार्बोनेट अर्धा किलोच्या आसपास.

एडिसनकर
पॉलिकार्बोनेटला अनुमोदन. इथे न्यू जर्सीत हरितगृहाचं पॉलिकार्बोनेट हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, माझ्या ४ फुटी टाकीवर कित्येक वर्षं तेच आहे. आमचा प्रश्न मात्र तुमच्या उलट. हिवाळ्यात घर हीटिंगने कोरडं पडतं, उघड्या टाकीतलं पाणी रोज दिसेल एवढं उतरतं, खिडक्यांच्या काचा आतून ओल्या होतात आणि टाकीचा हीटर सतत चालू राहतो. झाकण ठेवलं की हीटर निवांत.

एकच तक्रार, पारदर्शक असलं तरी आरपार स्वच्छ दिसत नाही, रेघारेघांचं दिसतं. वरून मासे बघायची हौस असेल तर काचच.

वऱ्हाडी_ठसका
थांबा थांबा. सगळे झाकण घट्ट बसवायच्या मागं लागले, पण सोनसळीताईंनी गरमीचं विचारलं त्याचं काय? मी नागपूरचा, मे महिन्यात बाहेर ४५ आणि घरात कूलर लावूनही ३४–३५. अशा दिवसांत घट्ट काच म्हणजे माशांच्या जिवावर बेतणारं काम.

हिशोब सांगतो, नीट बघा. एक लिटर पाणी वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती टाकीतल्या पाण्यातूनच जाते. १०० लिटर पाणी एक अंशाने गार करायला फक्त ४१९ किलोज्यूल लागतात. म्हणजे १०० लिटरच्या टाकीतून एक लिटर उडालं की पावणेसहा अंशांइतकी उष्णता निघून गेली! खोलीतून उष्णता परत आत येते म्हणून प्रत्यक्षात एवढं उतरत नाही, पण दोन-तीन अंश आरामात उतरतं, छोटा पंखा पाण्यावर मारला की अजून. आपला वाळ्याचा कूलर ह्याच तत्त्वावर चालतो. काच लावली की ही सगळी सोय बंद.

माझ्या टाकीवर एप्रिल ते जून जाळी असते. मासे सुखात आहेत.

निवळशंख
@वऱ्हाडी_ठसका, पुण्या-नागपूरला हे चालेल, मुंबईत नाही. दादरला मे महिन्यात हवाच इतकी ओली असते की पंखा लावून पाणी जेमतेम एक अंश उतरतं. आमच्याकडे एसीवाल्या खोलीत टाकी हलवण्यावाचून इलाज नाही.

वऱ्हाडी_ठसका
बरोबर आहे तुमचं, कोरड्या हवेचंच काम आहे हे. पुणं मात्र एप्रिलमध्ये चांगलंच कोरडं असतं, तिथे लागू पडेल.

गप्पीवाले_आजोबा
मला एक वेगळी भीती वाटते. टाकी अशी झाकून टाकली की माशांचा श्वास कोंडत नाही का? आमच्या वेळी कोणी झाकत नसे. हौदात गप्पी, वर आकाश.

कट्ट्यावरचा_मासा
आजोबा, नाही कोंडत. मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो आणि तो पाण्याच्या पृष्ठभागातून आत जातो. झाकणाच्या खाली दोन-तीन इंच हवा आणि मागे पाईपाजवळ थोडी फट असेल, वर फिल्टरचं पाणी पृष्ठभाग हलवत असेल तर काही कमी पडत नाही. कमी पडतो तो गरमीने. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला ७.५. आणि गरम पाण्यात माशाला लागतो जास्त. म्हणून श्वासाचा प्रश्न झाकणाचा नाही, तापमानाचा आहे, आणि तिथे वऱ्हाडीभाऊंचं म्हणणं शंभर टक्के खरं.

फायटर मासा (बेट्टा) ठेवणाऱ्यांनी मात्र झाकण ठेवावंच. तो वर येऊन हवा गिळतो, पाण्यावरची हवा उबदार आणि दमट असलेली त्याला मानवते.

गप्पीवाले_आजोबा
छान समजावलंत, धन्यवाद. नातवाला वाचून दाखवतो.

दर्यावर्दी
रत्नागिरीहून. आमच्याकडे झाकणाचं मुख्य कारण पाल. ट्यूबलाईटवर किडे येतात, किड्यांमागे पाल, आणि पाल सरळ टाकीत. सकाळी पाण्यावर तरंगताना बघायची हौस कोणाला असते?

दुसरं म्हणजे मरळ पाळणारे कोणी असतील तर नुसतं झाकण ठेवून भागत नाही. एक फुटाचा मरळ डोक्याने काच उचलून बाहेर पडतो आणि ओलसर जागेत बराच वेळ जिवंत राहतो, कारण तोही हवा घेतो. आमच्या शेजाऱ्यांचा मरळ रात्री बाहेर पडून थेट मोरीत सापडला, तिथून उचलून परत टाकला, धडधाकट होता. आता झाकणावर दोन विटा आहेत.

मांजरप्रेमी
विटांऐवजी आमचा बोका पाठवू का? सव्वापाच किलो :)

दर्यावर्दी
पाठवा, पण मरळ जिंकेल हां.

तारा_चंद्र
टाकी कुठल्या दिशेला आहे? ईशान्येला असेल तर झाकण जड ठेवू नये असं म्हणतात.

पाणकोंबडी
ताराताई, वास्तूचा वेगळा धागा काढा ना, इथे काचेवरच राहू.

रुपेरी_खवले
एक साधा प्रश्न. खिडकीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी उरलीये माझ्याकडे. तीच ताणून लावली तर?

सूतगुण्या
नको. तिची भोकं मोठी असतात, छोटा मासा आरपार जातो आणि मोठा मध्येच अडकतो, ते जास्त वाईट. ६ मिमीच्या आसपास भोक असलेली जाळी घ्या, नाहीतर खिडकीला डासांसाठी लावतात ती फायबरची. डासांची जाळी उजेड बराच खाते, आत रोपं असतील तर विचार करा.

फ्रेमसाठी बाहेरचं काही शोधू नका. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे ॲल्युमिनियमच्या जाळीच्या फ्रेमचे उरलेले तुकडे पडलेले असतात, मागितले की स्वस्तात देतात. चार तुकडे, चार प्लॅस्टिकचे कोपरे, जाळी अंथरायची आणि खाचेत रबराची दोरी दाबत जायचं, जाळी आपोआप ताणली जाते. आधी समोरासमोरच्या दोन बाजू दाबा, मग उरलेल्या दोन, नाहीतर फ्रेम तिरकी होते. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की काटकोन बरोबर. लोखंडी जीआय जाळी अजिबात वापरू नका, तिच्यावरचं जस्त पाण्यात उतरतं, गोगलगायी आणि झिंगे आधी मरतात. तांब्याची तारही नको.

चिंगळी
बापरे, जस्ताचं माहीत नव्हतं. माझ्याकडे चेरी श्रिम्प आहेत, बरं झालं वाचलं.

निवळशंख
सनबोर्डचं कोणी बोललंच नाही. पाट्या बनवणारे वापरतात तो पांढरा पीव्हीसीचा फोमबोर्ड. पाणी शोषत नाही, फुगत नाही, कटरने कापला जातो, आत एलईडी पट्टी चिकटवून पूर्ण हुड होतो. प्लायवूडचा हुड मी दोन घरांत कुजलेला बघितलाय, एमडीएफ तर पावसाळ्यातच भुगा. सनबोर्ड अपारदर्शक आहे, त्यामुळे वरून दिसणार नाही, पण समोरून टाकी खूप उठून दिसते.

एलईडी आत लावणार असाल तर निदान आयपी ६५ची (पाण्यापासून किती बचाव ते सांगणारा आकडा), ६७ असेल तर उत्तम, आणि १२ व्होल्टचीच. ॲडॅप्टर बाहेर, टाकीपासून लांब. वायर सॉकेटकडे नेताना आधी सॉकेटच्या खाली लोंबकळू द्या आणि मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या वळणावरून गळून पडतं, सॉकेटात जात नाही. घरात ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर झाकणाआधी तो बसवून घ्या. ह्यात काटकसर नको.

पाणकोंबडी
+१. आणि हीटर-फिल्टर बंद करूनच हात पाण्यात घाला. दरवेळी. सवय लावून घ्या.

सोनसळी
अरे वा, केवढं आलंय! सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून असं वाटतंय की काच आणि जाळी दोन्ही करावं, ऋतूप्रमाणे बदलावं. टाकीची आतली लांबी ८९८ मिमी, रुंदी ४४१ मिमी आहे. सूतगुण्या, काच काठावर ठेवू की आत बसवू? आणि मागच्या पाईपांचं अजून कोणी सांगितलं नाही.

सूतगुण्या
आतच बसवा. काठावर ठेवली की खालच्या बाजूला जमलेलं पाणी कडेने बाहेर ओघळतं, मागची भिंत ओली, कपाटाची लॅमिनेट फुगते. आत बसली की थेंब परत टाकीत.

तुमच्या मधल्या पट्टीचा उपयोग करा. तिच्या वरच्या पातळीवर दोन्ही टोकांच्या भिंतींना काचेचे छोटे तुकडे सिलिकॉनने चिकटवा, एका भिंतीला तीन: पुढे एक, मागे एक, आणि काच व मागची पट्टी जिथे भेटतात तिथे एक, जरा रुंद, म्हणजे दोन्ही त्यावर टेकतील. झाकणाचं एक टोक मधल्या पट्टीवर, दुसरं ह्या तुकड्यांवर. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या, बाथरूमचं बुरशीरोधक नको, त्यात औषध असतं. पाण्याची पातळी उतरवून काच स्पिरिटने पुसून लावा, पूर्ण वाळू द्या, वास गेल्याशिवाय मासे नकोत. हेही लक्षात ठेवा की सिलिकॉन काचेला काच घट्ट धरतं, ॲक्रिलिकला आणि पॉलिकार्बोनेटला नीट धरत नाही.

मागच्या बाजूला ३ इंच म्हणजे ७६ मिमी सोडा आणि तेवढी लांब पट्टी पोकळ पॉलिकार्बोनेटची करा. पाईप तिथूनच येतील. काचेला भोक पाडण्यात पैसे घालवू नका, पॉलिकार्बोनेट कटरने हवं तसं खाचतं, उद्या फिल्टर बदलला तर नवी पट्टी कापायची.

काच मग ४४१ वजा ७६, म्हणजे ३६५, त्यातून एक सूत (साधारण ३ मिमी) मोकळं, ३६२ मिमी. लांबीला दोन तुकडे, प्रत्येकी ४४६. एका तुकड्याचं वजन १.६ किलो, एका हाताने उचलेल. काचवाल्याला कडा घासून द्यायला सांगा आणि एका तुकड्याचा पुढचा कोपरा तिरका कापून घ्या, दोन इंच, खाणं टाकायला. टफन्ड काच घेणार असाल तर कोपरा आधीच कापून घ्यावा लागतो, नंतर तिला कटर लावला की चुरा.

कट्ट्यावरचा_मासा
सूतगुण्यांनी पूर्ण नकाशाच दिला. मी फक्त पाईपांच्या खाचांबद्दल सांगतो, कारण माझ्या पाहण्यात मासे बहुतेक तिथूनच बाहेर गेलेत. मधून नाही, मागच्या कोपऱ्यातून. फिल्टरचं पाणी तिथे पडतं, मासा प्रवाहाच्या उलट पोहत येतो आणि वर झेपावतो, वर नेमकी फट. पाईप १६ मिमीचा आणि खाच ४० मिमीची, असं सर्रास असतं. पाईपाभोवती उरलेल्या जागेत फिल्टरचा जाड काळा स्पंज कापून दाबून बसवा. हवा जाते, मासा जात नाही, वायरही त्यातूनच दाबून नेता येते.

तुमचा तो तिरका कोपरासुद्धा खाणं टाकून झालं की बंद हवा. दोन इंचाच्या त्रिकोणातून चार इंची डेनिसन सहज निघतो. काचेचा एक तुकडा त्यावर ठेवून द्या.

एडिसनकर
आणि नवीन मासे आणले की पहिले काही दिवस पाणी काठापासून दोन-तीन इंच खाली ठेवा. दिवा एकदम बंद-चालू करू नका, आधी खोलीतला लावा, मग टाकीतला. अंधारात अचानक उजेड पडला की सगळा कळप एकदम वर उसळतो.

वऱ्हाडी_ठसका
जाळीची फ्रेमसुद्धा ४४६ बाय ३६२ याच मापाची करा, दोन्ही. म्हणजे एप्रिलमध्ये काच काढायची, जाळी ठेवायची, तुकडे तेच, टेकू तेच. सगळ्यात गरम दिवसांत पंखा जाळीवर तिरका मारा. पाणी रोज उतरेल, ते भरताना मात्र बोअरचं भरू नका. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागे टाकीतच राहतात, वरून बोअरचं भरत गेलात की दोन महिन्यांत पाणी कुठल्या कुठे जड होतं. उतरलेलं पाणी आरओचं भरा, आणि आठवड्याचा बदल नेहमीच्या पाण्याने करा.

चिंगळी
काचेवर पांढरे डाग पडतात ते ह्याच क्षारांचे का?

पाणकोंबडी
हो, फिल्टरचे तुषार उडून वाळतात ते. पांढरं व्हिनेगर कापडावर घेऊन पुसायचं, मग साध्या पाण्याने. काच टाकीवरून काढून बेसिनमध्ये धुवा. डाग साठू दिले तर उजेड कमी होतो आणि रोपं रुसतात.

सोनसळी
ठरलं मग. काचेचे दोन तुकडे, मागे पॉलिकार्बोनेटची पट्टी, पाईपांभोवती स्पंज, आणि त्याच मापाच्या दोन जाळीच्या फ्रेमा. काच उद्या टाकते, फ्रेमसाठी आमच्याच सोसायटीत खिडक्यांचं काम चालू आहे त्या दादांना तुकडे मागितलेत, हो म्हणालेत. बोहरी आळीत पॉलिकार्बोनेट सुटं मिळतं का कोणाला माहितीये? मला पट्टीपुरतंच हवंय, पूर्ण शीट नको.

सूतगुण्या
सुटं मागायचं तर शेड टाकणाऱ्यांकडे जा, त्यांच्याकडे कापलेले तुकडे असतात. ८९२ बाय ७३ कापा, सगळीकडून एकेक सूत मोकळं. मधल्या पट्टीवर आणि दोन्ही टोकांना टेकेल. वरच्या बाजूला छापील फिल्म असते, ती बाजू उन्हाकडची, तुम्हाला कुठलीही चालेल, पण बसवायच्या आधी फिल्म सोलून काढा.

मांजरप्रेमी
झालं की फोटो टाका हो ताई, मी पण ६ मिमीचं माप काढतोय. बोक्याचा पण टाकीन.